उत्तराखालची तारीख

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडच्या घरांत दोन गोष्टी बरोबरच येतात. एक तळणीचा वास, आणि दुसरी मुलांच्या सहामाहीचा निकाल. पहिलीचे स्वागत सारे घर करते. दुसरीचे स्वागत कसे होते, ते वाचकांनी आपापल्या घरी पाहिलेलेच आहे. सहामाहीला वार्षिक परीक्षेचा मान नाही. ती वरच्या वर्गात घालत नाही, पदवी देत नाही, नोकरी तर नाहीच नाही. तिच्यात आपटलेला मुलगा ‘ही काय खरी परीक्षा थोडीच?’ असे म्हणून मोकळा होतो, आणि चांगले गुण मिळवणाऱ्याचे वडीलही ‘वार्षिकला बघू’ म्हणून चकलीचा पुढचा तुकडा मोडतात.

मी धंद्याने इंजिनियर. म्हणजे माती, दगड, चुना, सिमेंट आणि पाणी यांच्याशी ज्याचे आयुष्य गेले अशा जातीचा, सिव्हिल इंजिनियर. आजवर मी ज्या परीक्षा दिल्या, त्यांतल्या बहुतेकींचे प्रश्न मी साफ विसरलो आहे. परंतु १९६७ सालच्या ऑक्टोबरात दिलेली सहामाही मात्र मला अजून आठवते. कारण त्या परीक्षेतले एक उत्तर कागदावर पूर्ण बरोबर होते आणि दोन महिन्यांच्या आत ते चूक ठरले. चूक कुणा विद्यार्थ्याची नव्हती, परीक्षकाचीही नव्हती. ती हकीगत सांगायची, तर आधी या परीक्षा आल्या कोठून आणि त्यांतले प्रश्न कोणी घडवले, हे सांगितले पाहिजे. इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आणि तह आठवतात. पण इंजिनियरिंगच्या अभ्यासक्रमालाही इतिहास असतो, आणि त्यातही माणसे खर्ची पडलेली असतात.

पूल, घाट, तलाव बांधण्याची विद्या माणसाला हजारो वर्षे येते. ती शाळेत शिकवावी, तिची परीक्षा घ्यावी आणि गुण द्यावेत ही कल्पना मात्र पावणेतीनशे वर्षांपलीकडची नाही. तोवर गवंड्याचा मुलगा बापाच्या हाताखाली ओळंबा धरून गवंडी होई. त्याची परीक्षा रोजच असे आणि परीक्षक घरातच. १७४७ साली पॅरिसमध्ये ‘पूल आणि रस्ते’ यांची शाळा निघाली. तिचा प्रमुख होता झां रोदोल्फ पेरोने. मौज अशी की या शाळेत आरंभी नेमलेले शिक्षकच नव्हते! वरच्या वर्गातली हुशार मुले खालच्यांना शिकवीत. परीक्षा म्हणजे चढाओढी. अमक्या नदीवर अमक्या रुंदीचा पूल काढा, त्याच्या दगडांचा हिशेब मांडा. ज्याचे काम सरस त्याला गुण, आणि गुण साठले म्हणजे वरचा वर्ग. वर्षाचा काही काळ मुलांना प्रत्यक्ष कामांवर धाडीत. पुढच्या साऱ्या जगातल्या इंजिनियरिंग कॉलेजांच्या ड्रॉइंग हॉलचे मूळ या शाळेत आहे.

आपल्याकडे ही विद्या शाळेत आली ती राज्यकर्त्यांच्या गरजेपोटी. १७९४ साली मद्रासजवळ मोजणीची शाळा निघाली. जमिनीची मोजणी झाल्याशिवाय सारा वसूल कसा व्हायचा? गिंडीचे कॉलेज ते हेच. मग १८४७ साली रुरकीला कॉलेज निघाले. त्याचे कारण गंगेचा कालवा. हा प्रचंड कालवा सोलानी नदीवरून पुलाने पलीकडे न्यायचा होता. म्हणजे खालून नदी वाहणार आणि वरूनही नदीच वाहणार. एवढ्या कामाला लागणारी माणसे विलायतेहून बोटी भरभरून आणणे परवडणारे नव्हते, तेव्हा ती इथेच तयार करावी असा विचार झाला.

पुण्याचा क्रम त्यानंतरचा. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी, जुलै १८५४ मध्ये, पुण्यात भवानी पेठेत ‘पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या लांबलचक नावाची शाळा उघडली. हेतू अगदी स्पष्ट होता. इमारती, धरणे, कालवे, रेल्वे आणि पूल यांच्या कामांवर साहेबाच्या हाताखाली राबणारे दुय्यम नोकर तयार करायचे. साहेब व्हायला शिकवण्याची ती शाळा नव्हती. साहेबाने आखलेली रेघ नीट ओढायला शिकवण्याची होती.

पण शाळांची एक गंमत असते. त्या काढणाऱ्याच्या हेतूत फार दिवस मावत नाहीत. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. पुण्याची शाळा कॉलेज झाली, १८६५ साली सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते संगमाजवळच्या नव्या इमारतीची कोनशिला बसली आणि विद्यापीठाशी नाते जुळून एल. सी. ई. ही पदवी सुरू झाली. लायसेन्शिएट ऑफ सिव्हिल इंजिनियरिंग! जुन्या पुण्यात घराच्या दारावर नावापुढे ही तीन अक्षरे दिसली, की जाणारा-येणारा क्षणभर थांबून वाची. या काळात थिओडोर कुक नावाचे प्रिन्सिपॉल होते. ते १८९३ पर्यंत पुण्यात राहिले. पेशाने इंजिनियर, पण जीव वनस्पतींत. मुंबई इलाख्यातल्या झाडाझुडपांवरचा त्यांचा ग्रंथ वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक अजून उघडतात. कॉलेजात शेतकी आणि जंगल खात्याचेही वर्ग भरू लागले, तेव्हा नाव बदलून ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झाले. १९११ साली पुन्हा ‘इंजिनियरिंग’ नावात आले. २०२२ साली त्या संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

त्या काळच्या विद्यार्थ्याला एका गुणाची किंमत काय होती, हे आज समजावून सांगणे कठीण आहे. १८७१ साली सरकारने विलायतेत कूपर्स हिल येथे हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यासाठी खास कॉलेज काढले. ते १९०६ पर्यंत चालले. वरच्या जागा बहुतेक तिकडून भरून येत. इथल्या कॉलेजातून पहिला येणाऱ्याला मात्र सरकारी जागेची हमी असे. पहिल्याला असिस्टंट इंजिनियरची खुर्ची मिळायची, आणि तिसरा-चौथा येणाऱ्याला काय, तर बहुधा ओव्हरसियरकी, मुकादमांवर देखरेख आणि साहेबाच्या घोड्यामागची धूळ. मधले अंतर चार-दोन गुणांचे. कंदिलाखाली पाठ केलेल्या एका सूत्रावर सबंध घराण्याचे पुढचे तीस वर्षांचे भवितव्य लटकलेले असे.

अशा परीक्षेतून १८८३ साली पहिला आला तो म्हैसूर संस्थानातला एक विद्यार्थी, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. वडील लहानपणीच गेलेले. बंगलोरला शिकवण्या करून बी. ए. झाले, आणि म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन पुण्याला आले. १८८४ साली मुंबई सरकारने त्यांना नाशिकला असिस्टंट इंजिनियर नेमले. सुरुवातीच्याच कामांत खानदेशात पांझरा नदीच्या पात्रातून नळाचा सायफन टाकायचा होता. पावसाळ्याचे दिवस, नदीला पूर, पात्रात वाळू भरून येत होती. कॉलेजच्या पेपरात नदी नेहमी स्थिर असते. तिची खोली आणि वेग प्रश्नातच छापलेले असतात. पांझरेने ते आकडे रोज बदलले. तरुण इंजिनियराने काम पुरे केले. पुढे १९०३ साली खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी आपोआप उघडमीट करणारे दरवाजे बसवले आणि धरणाची भिंत न वाढवता तलावात जास्त पाणी साठवले. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपल्याकडे इंजिनियरांचा दिवस म्हणून पाळतात.

परंतु पहिला नंबर म्हणजेच कर्तबगारी असा अर्थ कोणी काढू नये, म्हणून कलकत्त्याचे एक उदाहरण सांगतो. राजेंद्रनाथ मुखर्जी हे इंजिनियरिंग शिकायला प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले, पण प्रकृतीने साथ न दिल्यामुळे पदवी हाती आली नाही. पुढे कंत्राटदार म्हणून त्यांनी कलकत्त्याच्या पाणीपुरवठ्याचे काम केले, आणि शहरातले व्हिक्टोरिया स्मारक त्यांच्याच कंपनीने उभारले. संगमरवराने कधी त्यांची गुणपत्रिका विचारली नाही.

आणखी एक आठवण मुलींसाठी. १९४४ साली गिंडीच्या कॉलेजातून तीन मुली इंजिनियर होऊन बाहेर पडल्या. ए. ललिता विजेच्या शाखेतून, तर पी. के. त्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज स्थापत्याच्या. पदवीच्या छापील कागदावर इंग्रजीत ‘तो’ असा शब्द होता. तो खोडून हाताने ‘ती’ करावा लागला. छापखान्याला असा दिवस येईल हे ठाऊक नव्हते. त्रेसियाबाई पुढे केरळात बांधकाम खात्याच्या चीफ इंजिनियर झाल्या. अशा पदावर पोहोचलेल्या त्या देशातल्या पहिल्या स्त्री.

असो. आता पेपराकडे वळू.

माझे कॉलेज पुण्याचे नव्हे, दक्षिण महाराष्ट्रातले. साठीच्या दशकात आम्ही शिकत होतो, तेव्हा देश नव्याने मीटर-किलोग्रॅम शिकत होता. वजनमापांचा कायदा १९५६ चा. पण पुस्तके मात्र फूट-पौंडांचीच. गणित सोडवताना अर्धा वेळ विलायती आकडे देशी करण्यात जाई. बगलेत टी-स्क्वेअर, खिशात स्लाइड रूल आणि पिशवीत लॉग टेबल, ही आमची हत्यारे. स्लाइड रूल तिसऱ्या आकड्यापुढे बोलत नसे, आणि त्यामुळे एक चांगली सवय लागे. उत्तर साधारण किती यावे याचा अंदाज आधी मनाशी बांधावा लागे. नाहीतर दशांश चिन्ह चुकून गावच्या ओढ्यावर हावड्याएवढा पूल येऊन बसे. ड्रॉइंग हॉलमध्ये तासन्‌तास उभे राहून नकाशे काढायचे. काही वल्ली मित्राचा नकाशा काचेवर ठेवून, खालून दिवा लावून गिरवीत. त्या कलेला ‘जीटी मारणे’ म्हणत, आणि ती हॉस्टेलात रात्री बारानंतर बहरे.

विषयांचे म्हणाल तर डझनभर होते. मोजणी, पदार्थांचे सामर्थ्य, जलशास्त्र, मृदशास्त्र, भूगर्भशास्त्र, खर्चाचे अंदाजपत्रक, पाटबंधारे. मोजणीचा पेपर सर्वांना सोपा वाटे. तो सोपा व्हावा म्हणून लॅम्बटन नावाच्या माणसाने १८०२ साली मद्रासला पहिली रेघ मोजली, अर्ध्या टनाचे थिओडोलाइट डोंगर आणि गोपुरे चढवीत तो उत्तरेकडे सरकला, आणि १८२३ साली आपल्या वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला काम करता करताच वारला. आमच्या पुस्तकात त्याचे सूत्र होते, हिंगणघाट नव्हते.

सहामाहीच्या आठवड्यात हॉस्टेलचा रंगच पालटे. खानावळीत आमटी वाढणारा बाबूसुद्धा हलक्या आवाजात बोले. पाटबंधाऱ्याच्या पेपरात एक प्रश्न दरवर्षी ठरलेला. दगडी धरणाचा छेद काढा आणि त्याची स्थिरता तपासा. गुण भरपूर. उत्तराचा साचा तयार, पायऱ्या चार-पाच. पाठ केले की झाले. परंतु त्या एका उत्तराची प्रत्येक पायरी कोणी, केव्हा आणि काय मोजून लिहिली, ते पाहण्यासारखे आहे.

पहिली पायरी मुंबईची आहे, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते! १८६० साली विहार तलाव झाला, पण मुंबईची तहान भागेना. मुंबई म्युनिसिपालिटीचे इंजिनियर कॅप्टन टुलक यांनी ग्लासगोचे प्रोफेसर रँकिन यांना विचारले, उंच दगडी धरणाची भिंत नेमकी कशी असावी? १८७२ साली रँकिन यांनी उत्तर धाडले. त्याचे सार घरगुती भाषेत असे. दगड दाबला तर सोसतो, ओढला तर तुटतो. मागून पाणी भिंतीला ढकलते, भिंतीचे वजन तिला खाली दाबते. या दोन्ही जोरांची मिळून जी तिरकी रेघ होते, ती तळाच्या मधल्या तिसऱ्या भागातून गेली पाहिजे. ती बाहेर सरकली की भिंतीची पाण्याकडची बाजू ताणली जाईल आणि फाटेल. जगातल्या प्रत्येक सिव्हिलच्या विद्यार्थ्याने हा ‘मधला तिसरा भाग’ घोकला आहे. तो मुंबईच्या नळांना पाणी यावे म्हणून झालेल्या पत्रव्यवहारात मांडला गेला. त्याच वर्षअखेर रँकिन वारले. तुळशी तलाव १८७९ साली झाला, तानसा १८९२ साली.

दुसरी पायरी फ्रान्सची आहे. बूझी येथे दगडी धरण होते. १८९५ च्या एप्रिलात ते फुटले आणि खालच्या गावांतली ऐंशीहून अधिक माणसे गेली. पाणी भिंतीला फक्त मागून ढकलत नाही. फटींतून, पायाखालून शिरून ते तिला वरही उचलते. रँकिन यांच्या हिशेबात हा उचलणारा जोर नव्हता. बूझीनंतर तो आला. आमच्या उत्तरात ती एक ओळ होती. ‘उद्धारक दाब विचारात घ्यावा’, एवढीच. तिला दोन गुण होते.

तिसरी पायरी आमच्या घराजवळची. १२ जुलै १९६१. पानशेतचे मातीचे धरण पुरे व्हायचे होते, पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे होते, आणि पावसाने तलाव भरला. बांध खचला, पाणी वरून गेले आणि धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्यावर आला. जे धरण १८७९ पासून उभे होते आणि ज्यावर विश्वेश्वरय्यांनी दरवाजे बसवले होते, तेही त्या दिवशी गेले. पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत काय झाले हे ज्यांनी पाहिले, त्यांना सांगायला नको. आणि ज्यांनी पाहिले नाही, त्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांनी भिंतीवरची पुराची रेघ दाखवलीच असेल. आमच्या वर्गात पुण्याची चार मुले होती. मातीच्या धरणाचा धडा सुरू झाला की ती वहीत मान घालून बसत. ‘पाणी बांधाच्या माथ्यावरून कदापि जाऊ देऊ नये’ हे पुस्तकातले वाक्य बाकी सारे खाली अधोरेखित करीत. त्या चौघांना त्याची गरज नव्हती.

चौथी पायरी भूगर्भाची. धरणाखालचा खडक कसा आहे, भूकंपाची भीती कितपत, हे लिहायचे. आणि इथेच ते उत्तर येते, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. त्या सहामाहीत, ऑक्टोबर १९६७ मध्ये, साऱ्या वर्गाने पुस्तकाबरहुकूम लिहिले होते की दख्खनचे पठार हे प्राचीन, स्थिर भूखंड असून तेथे मोठ्या भूकंपाची शक्यता नगण्य आहे. हे कोणा एकाचे मत नव्हते. देशाच्या भूकंपविषयक मानकाच्या नकाशात त्या वेळी शून्य क्रमांकाचा एक पट्टा होता, आणि द्वीपकल्पाचा मोठा भाग त्या शून्यात होता. उत्तर बरोबर होते. गुण पूर्ण होते.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सव्वाचार वाजून गेल्यावर कोयनेचा भूकंप झाला. आमच्या हॉस्टेलातल्या लोखंडी खाटा फरशीवरून घसरू लागल्या, खिडक्यांची तावदाने खडखडली आणि पोरे ब्लँकेटे गुंडाळून मैदानात धावली. थंडी मी म्हणत होती. कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. सकाळी बातम्या येऊ लागल्या. कोयनानगर वसाहत जमीनदोस्त झाली होती. मृतांचा आकडा पुढे पावणेदोनशेच्या घरात गेला.

आम्हां सिव्हिलच्या मुलांच्या मनात मात्र एकच प्रश्न होता. धरण? एकशेतीन मीटर उंचीचे ते धरण, आणि त्याच्यामागे शिवाजीसागर तुडुंब. ते गेले असते तर काय झाले असते, याचे गणित आमच्यातल्या कोणालाही करवत नव्हते. धरण उभे राहिले. आखणी करणाऱ्यांनी भूकंपासाठी थोडीबहुत तजवीज ठेवली होती; प्रत्यक्ष धक्का तिच्या कितीतरी पट मोठा होता. भिंतीच्या वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार बदलतो त्या उंचीच्या आसपास, आडव्या भेगा पडल्या. पुढे उंच भागांना मागून टेकू देऊन ती भिंत बळकट करण्यात आली. ज्या गवंड्यांनी आणि इंजिनियरांनी ती बांधली, त्यांची ती खरी वार्षिक परीक्षा, आणि ते तीत पास झाले, असे मी म्हणतो.

कॉलेज पुन्हा भरले तेव्हा भूगर्भशास्त्राचे सर वर्गात आले ते सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन. वर्गात कुजबुज झाली. पाठीमागच्या बाकावरचा एक धीट मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, चौथ्या प्रश्नाचे गुण आता कापणार का?”

एरवी सर अशा प्रश्नावर चिडले असते. त्या दिवशी ते बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “गुण कशाला कापू? तुम्ही जे लिहिलेत ते ऑक्टोबरात मीही लिहिले असते. पण एक करा. आपापली उत्तरपत्रिका घ्या आणि त्या वाक्याखाली तारीख घाला.”

आम्ही तारीख घातली. ऑक्टोबर १९६७. कोणी हसले नाही.

सरांच्या त्या एका वाक्याने मला अभ्यासक्रम म्हणजे काय, ते समजले. मधला तिसरा भाग, याच्याखाली तारीख १८७२. उचलणारा दाब, १८९५. पाणी माथ्यावरून जाऊ नये, हे जुनेच शहाणपण. आम्हां लोकांच्या वहीत त्याच्याखाली १९६१. पुस्तक छापताना या तारखा गळून जातात आणि नुसते नियम उरतात. ते जणू कोणा ऋषीने डोळे मिटून सांगितले असावेत असे वाटू लागते. तारीख दिसली म्हणजे दोन गोष्टी कळतात. हा नियम शिकायला कोणीतरी किंमत मोजली आहे, ही एक. आणि यापुढेही तारखा पडणार आहेत, ही दुसरी.

त्या पडल्याच. १९७० साली मानकाची नवी आवृत्ती निघाली आणि नकाशातला शून्य पट्टा काढून टाकला. देशात कोठेही भूकंपाची शक्यता शून्य आहे असे म्हणण्याचे धाडस त्यानंतर झाले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीला गणपती पोहोचवून लोक निजले असताना, किल्लारीची जमीन हलली आणि मराठवाड्यातली हजारो माणसे दगडमातीच्या जड भिंतींखाली गेली. तोही भाग निर्धास्त समजला जाई. २००१ साली कच्छ हादरले. २००२ च्या आवृत्तीत सर्वांत सौम्य असा पहिला पट्टाही उरला नाही. सगळ्या देशाची गणती दुसऱ्या पट्ट्यापासून पुढे सुरू झाली. आजच्या मुलाला ही पट्ट्यांची विभागणी आयती शिकायला मिळाली. तिच्यामागे किती गावे आहेत, हे त्याला सांगणे आपले काम आहे.

आता सहामाहीच्या बाजूने दोन शब्द बोलतो, कारण तिची बाजू सहसा कोणी घेत नाही. आमच्या धंद्यात काँक्रीट ओतले की त्याच वेळी त्या मालाचे लहान ठोकळे भरून ठेवतात. अठ्ठावीस दिवसांनी ते यंत्रात दाबून फोडतात आणि काँक्रीटची खरी ताकद ठरवतात. पण शहाणा इंजिनियर अठ्ठावीस दिवस थांबत नाही. काही ठोकळे तो सातव्या दिवशीच फोडतो. तोवर काँक्रीटला साधारण दोनतृतीयांश ताकद आलेली असते. तेवढ्यावरून पुढचा अंदाज येतो. आणि कमी भरले, तर त्यावर दुसरा मजला चढण्याआधी काही करता येते. सातव्या दिवसाच्या निकालाने कोणी काँक्रीटला नापास म्हणत नाही, आणि त्याच्याकडे कोणी दुर्लक्षही करत नाही. सहामाही म्हणजे हा सातव्या दिवसाचा ठोकळा. मजला चढायच्या आत चूक सापडावी, एवढ्यासाठीच ती असते. पुलाला, धरणाला, आणि बहुतेक संसारांना, सहामाही नसते. ते एकदम वार्षिकलाच बसतात.

हल्ली परीक्षांचे स्वरूप बदलले आहे. वर्षाची दोन सत्रे झाली, सहामाहीला ‘मिड-सेम’ म्हणतात, स्लाइड रूल कपाटात गेली आणि संगणक पंधरा आकड्यांपर्यंत उत्तर देतो. आकडे पंधरा असले, तरी त्याखालची तारीख तो सांगत नाही. म्हणून यंदा घरात कोणी इंजिनियरिंगला असेल आणि फराळाच्या ताटावर त्याच्या निकालाचा विषय निघाला, तर किती गुण मिळाले हे खुशाल विचारावे. तो आईवडिलांचा हक्कच आहे. पण त्यानंतर लाडूचा दुसरा तुकडा त्याच्या हातावर ठेवून आणखी एक विचारून पाहावे: “बाळा, त्या पेपरातला हा जो नियम तू लिहिलास, तो कधीचा आणि कोणत्या गावचा?” पोर आधी गोंधळेल. मग पुस्तक उघडेल, तिथे सापडणार नाही. तेव्हा ते दुसरे पुस्तक शोधायला उठेल.

तेवढे झाले तरी पुरे आहे. पुढे कधीतरी त्याच्या सहीने एखादी भिंत उभी राहील आणि तिच्या खालच्या अंगाला एक गाव निर्धास्त झोपलेले असेल.